दगडांच्या देशात मातीच्या चुली

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण सगळेच वापरतो. ती उच्चारली की मन लगेच संसाराकडे जातं, सासू-सुनेकडे, भावा-भावांच्या वाटण्यांकडे. मला मात्र हल्ली त्या म्हणीतला 'मातीच्या' हा शब्द अडवतो. मातीच्याच का?

आमचं मेढा हे जावळी तालुक्याचं गाव, वेण्णा नदीकाठचं. इथे घराबाहेर पाऊल टाकलं की दगडच लागतो. घराचा पाया काळ्या दगडाचा, जोतं काळ्या दगडाचं, नदीचा घाट, विहिरीच्या पायऱ्या, देवळाचा चौथरा, मशिदीच्या दारातली शिळा, सगळं काळ्या दगडाचं. केळघरचा घाट चढून महाबळेश्वराकडे गेलं की वर तांबडा जांभा लागतो. म्हणजे दोन-दोन जातींचे दगड आमच्या उशा-पायथ्याला. तरीही आमच्या आज्या-पणज्यांनी चूल घातली ती मातीची. दगड फुकट होता, गावात पाथरवट होता, मग घरातली सगळ्यात जास्त झिजणारी वस्तू बायांनी मातीची का केली? गरिबी हे त्याचं उत्तर नाही, कारण वाड्यांतल्या चुलीसुद्धा मातीच्याच असत.

हा प्रश्न मला केवळ शब्दांच्या नादाने पडलेला नाही. मेढ्याजवळच्या एका वाडीत सामायिक स्वयंपाकाची शेड आहे. लग्न असो, बारसं असो, देवाचा भंडारा असो की मोहरमचा खिचडा, मोठा स्वयंपाक तिथेच होतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, त्याआधीही बऱ्याच घरी गॅस होताच, पण दोनशे पानांचा स्वयंपाक अजून लाकडावरच चढतो. या शेडमध्ये रांधणारी बाई आमच्या नात्यातली. तिला सगळी वाडी, मराठे, बौद्ध, मुसलमान, सगळे 'खाला' म्हणतात. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात देग चढलेली असताना भट्टीखालचा सिमेंटचा कोबा फाडकन फुटला. रुपयाएवढी तापलेली कपची उडून खालाच्या घोट्यात घुसली, भट्टीचा एक पाय खचला आणि देग कलली. दोघांनी फडकी घालून ती सावरली म्हणून बरं, शेजारीच पोरं पत्रावळी मांडत होती. खाला दोन महिने घरी बसली. तिचं घर या रांधण्यावरच चालतं.

नंतर बैठक झाली. मुंबईला माथाडीत असलेल्या मंडळींनी वर्गणी पाठवली. एक म्हणाला, ग्रॅनाइट घालू, पिढ्यान् पिढ्या हलणार नाही. दुसरा म्हणाला, कडप्पा स्वस्त पडेल. तिसऱ्याचं म्हणणं, कोबाच करा, पण या वेळी जाड करा. मी बी.ए. झालेला कवी माणूस, पण माझे मामू आयुष्यभर गवंडीकाम करत होते आणि त्यांच्या हाताखाली मी चिखल मळलेला आहे. मामूंनी शिकवलेलं आणि पुढे पुस्तकांतून पडताळलेलं असं जे त्या बैठकीत मी सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी वजनाचा हिशेब करू. तांब्याची मोठी देग रिकामी तीसेक किलोची धरा. तीत २० किलो तांदूळ, २५ किलो मटण, ४० लिटर पाणी, वर तेल-मसाला पाचेक किलो. झाले १२० किलो. लोखंडी भट्टीचं वजन वेगळंच. हे सगळं तीन पायांवर उभं राहतं, म्हणजे एका पायावर ४० किलो. पायाचा तळवा दोन इंच बाय दोन इंच असेल तर दर चौरस इंचावर १० किलो. शिवाय कोणी झारा घालून ढवळायला वाकलं की भार एका बाजूला कलतो, तो वेगळा.

काळ्या दगडाला हे ओझं म्हणजे काहीच नाही. चांगला बसाल्ट दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्याही पुढे दाब सोसतो. इंच-दीड इंच कोब्याची गोष्ट निराळी. त्याच्याखालचा मुरूम धुम्मसाने नीट ठोकलेला नसेल तर कोबा पापडासारखा अधांतरी राहतो आणि पायाखाली तडकतो. शेडमध्ये झालं ते निम्मं यामुळे झालं. उरलेलं निम्मं काम आगीने केलं.

लाकडाचे निखारे ६०० ते ९०० अंशांपर्यंत तापतात. ते ज्यावर पडून राहतात, तो पृष्ठभाग पाचशे अंशांच्या आसपास सहज जातो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पाणी सिमेंटच्या पोटातच राहतं. तीनशे अंशांपुढे कोब्याची ताकद उतरू लागते आणि चारशेच्या पुढे त्याच्यातला चुना सुटा होऊ लागतो. मग रात्री कोणीतरी विस्तव विझवायला तांब्याभर पाणी ओततं. सुटा झालेला चुना पाणी पिऊन फुगतो आणि सकाळी कोबा भुसभुशीत झालेला असतो. कोबा ओलसर असताना वर एकदम जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे पट जागा मागतं. वाट मिळाली नाही तर वाफ कपची उडवते. खालाच्या घोट्यात घुसली ती अशी कपची. कोबा दुप्पट जाड केल्याने यातलं काहीच थांबत नाही.

नदीतले गोटे चुलीला लावू नयेत असं माझी दादी सांगायची. कारण विचारलं तर 'फुटत्यात' एवढंच उत्तर. वेण्णेच्या पात्रातला गुळगुळीत गोटा वर्षानुवर्षं पाण्यात राहून आत बारीक भेगांपर्यंत भिजलेला असतो. कारण तेच, वाफ.

आता ग्रॅनाइट. कठीण म्हणून त्याचा दबदबा आहे आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तो शोभतोही. पण खऱ्या ग्रॅनाइटमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. ५७३ अंशांना गारेच्या स्फटिकांची आतली रचना बदलते आणि ते एकाएकी फुगतात. शेजारचे दुसरे कण तेवढे फुगत नाहीत. मग कण कणाशी भांडतो आणि दगड पोटातून फाटतो. गॅसच्या शेगडीखाली हा प्रसंग कधी येत नाही, कारण तिथली आच वर जाते. निखाऱ्यांखाली तो हमखास येतो. बाजारातल्या काळ्या 'ग्रॅनाइट'पैकी काही शिळा प्रत्यक्षात वेगळ्याच जातीच्या असतात आणि त्यांत गार नसते. पण इंचभर जाडीच्या तकतकीत फरशीला वरून निखारा आणि खालून थंड जमीन मिळाली की ती जात न विचारता तडकते.

कडप्पा, शहाबादी, कोटा ही सगळी चुनखडीच्या कुळातली भावंडं. एक आंध्रातून येतो, दुसरा कर्नाटकातून, तिसरा राजस्थानातून. थरांनी बनलेले म्हणून त्यांच्या सरळ फरशा निघतात, आणि त्याच थरांमुळे आगीजवळ त्यांचे पापुद्रे सुटतात. चुनखडी आठ-नऊशे अंशांवर नेली की तिचा चुना होतो. चुन्याच्या भट्टीत आपण मुद्दाम करतो तेच चुलीखाली नकळत करून का घ्यावं? चकाकीच्या टाइल्सबद्दल बोलायचीही गरज नाही.

जांभा आमच्याकडे काहींचा लाडका, विशेषतः ज्यांची सोयरिक कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला आहे त्यांचा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेने घट्ट होतो, आणि सच्छिद्र असल्याने उष्णता लवकर पलीकडे जाऊ देत नाही. चुलीच्या पाठीमागच्या भिंतीला तो चांगला. पण त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी तीनशे अंशांच्या सुमारास सुटू लागतं, आणि भट्टीच्या पायाखाली त्याच्या कडा भुरभुरतात. आमच्या पावसाळ्यात तो पाणीही पितो. कासचं पठार याच जांभ्याचं आहे. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा तिथला चिराही कोणी उचलू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

राहिला आमचा काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो थिजलेला रस. जो आगीतूनच आला त्याला आगीचं काय भय, असं वाक्य कवितेत खपून जाईल. व्यवहारात ते अर्धंच खरं आहे. बसाल्टचे कण बारीक आणि एकजीव असतात, त्यात सुटी गार जवळजवळ नसते, म्हणून तो ग्रॅनाइटपेक्षा आच चांगली सोसतो. मामू दगड निवडताना सुतकीने वाजवून बघायचे. खणखणला तर घ्यायचा, भद्द वाजला तर आत भेग आहे म्हणून सोडायचा. आणि ज्या दगडाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतील तो खणखणला तरी चुलीला नको, म्हणायचे. "ह्यो दगड रडतो," असं त्यांचं कारण असे.

दगड रडतो म्हणजे काय, हे मला फार उशिरा उमगलं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं भरली. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात त्यांचे डोळे दिपवणारे नमुने मांडलेले आहेत. त्यांतली पुष्कळ खनिजं झिओलाइट या कुळातली. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असं एक खनिज तापवून पाहिलं, तर ते उकळल्यासारखं फसफसलं, वाफा सोडू लागलं. त्याने ग्रीक शब्द जोडून त्याला नाव दिलं, त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. झिओलाइटच्या जाळीत पाणी कोंडलेलं असतं आणि तापलं की ते बाहेर पडतं. स्वीडनमधला तो शास्त्रज्ञ आणि जावळीतले माझे अंगठाबहाद्दर मामू, दोघांनी एकाच गोष्टीला नाव दिलं. त्याला दगड उकळताना दिसला, मामूंना रडताना दिसला. नाव म्हणून मला मामूंचं जास्त आवडतं.

पण निर्दोष काळा दगडसुद्धा चुलीत उघडा ठेवू नये. दगड घट्ट असल्याने उष्णता पटकन ओढून खाली नेतो. जाळ घालणाऱ्याची लाकडं दगड तापवण्यात जातात. शिवाय मीटरभर लांबीची शिळा पाचशे अंशांनी तापली तर तीनेक मिलिमीटर वाढायला बघते. वरचा भाग वाढू पाहतो, खालचा थंड भाग त्याला धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत शिळेला तडा जातो.

इथे मातीचं शहाणपण कळतं. आमच्याकडे चुलीची माती म्हणजे वारुळाची किंवा तांबडी. शेतातली काळी माती घेत नाहीत, कारण ती वाळताना आकसते आणि भेगाळते. तिच्यात भाताचं तूस, बारीक पेंढा आणि शेण घालून दोन-तीन दिवस भिजवून तुडवायची. भाताचा मुलूख असल्याने तुसाला तोटा नाही. चूल पेटली की माती भाजते आणि तिच्यातलं तूस जळून जाऊन जागोजाग बारीक पोकळ्या राहतात. पोकळीत हवा, आणि हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. म्हणजे चूल जळता जळताच आपलं अस्तर तयार करते. माती फुगते-आकसते, तेव्हा बारीक बारीक चिरते, पण फुटून उडत नाही. आणि रोज सकाळी राख काढून त्या चिरांवर पोतेरं फिरतं. आपण त्याला स्वच्छता म्हणतो. ती दुरुस्तीही असते. दगडाला पडलेला तडा कुठल्या पोतेऱ्याने बुजतो?

तेव्हा दगडांच्या या देशात मातीची चूल घालणाऱ्या बायांनी दोन कामं वेगळी ठेवली होती. ओझं दगडाने सोसायचं, आच मातीने सोसायची. आजची फसगत होते ती एकाच फरशीकडून दोन्ही कामं मागितल्यामुळे.

याची मोठी उदाहरणं बघायची तर कऱ्हाड-कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ बघा. शेकडो लिटर रसाची काहील ज्यावर चढते ते चुलवाण जमिनीत खोदून विटा-मातीने बांधलेलं असतं, आणि हंगामाच्या सुरुवातीला ते पुन्हा लिंपून घेतात. गुळव्याला कोणी सांगितलं की मी तुला वीस वर्षं लिंपावं न लागणारं चुलवाण देतो, तर तो हसेल. अजमेरच्या दर्ग्यात अकबर आणि जहांगीर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन प्रचंड देगी आहेत. त्या तीन पायांवर उभ्या नाहीत, बांधीव ओट्यातच बसवलेल्या आहेत आणि वाढणारे पायऱ्या चढून काठाशी जातात. ओझं एवढं वाढलं की पाय ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. थंड मुलखांत, उदाहरणार्थ फिनलंडमध्ये, शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाच्या भट्ट्या करतात, तो दगड आच उत्तम सोसतो आणि रात्रभर ऊब धरून ठेवतो. आपल्याला घर तापवायचं नसतं, देग तापवायची असते, तेव्हा त्यांचं त्यांना लखलाभ.

तर शेडसाठी ठरलं ते असं. जुना कोबा फोडून दीड फूट खोदायचं. तळ धुम्मसाने ठोकून त्यावर काळ्या दगडाचं सोलिंग, दगड आडवे न टाकता उभे रोवून, मधल्या फटींत मुरूम आणि पाणी. त्यावर सहा इंच जाडीचे घडीव काळे दगड, ठिपके नसलेले, वाजवून घेतलेले. सोलिंगपासून इथपर्यंत ओझ्याचं काम. मग दोन इंच कोरडी वाळू आणि चाळलेली राख. या थराने खालच्या दगडाला आचेपासून वाचवायचं आणि वरच्या विटांना हलायला जागा द्यायची. वर भट्टीच्या विटा उभ्या लावायच्या, सिमेंटात नाही, मातीतच, आणि कडेला बोटभर फट सोडून ती राखेने भरायची. या विटा नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांच्या मिळतात आणि हजार अंशांच्या वरही टिकतात. त्या महाग वाटल्या तर चांगल्या भाजलेल्या लाल विटाही चालतात. आवा नीट लागला असेल तर वीट नऊशे-हजार अंश एकदा बघून आलेली असते. जी एकदा भाजली ती पुन्हा भाजायला भीत नाही. सगळ्यात वर तीन बोटं तुसाची माती.

यात एक गोम आहे आणि ती गवंड्याला दोनदा सांगावी लागली. भट्टीचे पाय मातीवर टेकवायचे नाहीत. जिथे पाय येणार तिथे माती कापून पाय थेट विटेवर, चार इंची लोखंडी पट्टीवर टेकवायचा. दोन इंचांचा तळवा चार इंचांचा झाला की दर चौरस इंचावरचं ओझं १० किलोवरून अडीच किलोवर येतं. आणि भट्टीच्या तोंडापुढे निदान दीड हात हाच विटा-मातीचा थर पुढे आणायचा, कारण लाकूड मागे ओढताना निखारे तिथेच पडतात.

स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी पहिल्या मजल्यावर लोखंडी शेगडी पेटवायची हौस असेल तर शेगडी थेट फरशीवर ठेवू नये. खाली विटांचे चार ठोकळे, त्यांवर विटांचा थर, आणि ठोकळ्यांमधून वारा खेळता राहील एवढी मोकळी जागा ठेवावी. माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर हेही करू नये. तिथे विस्तवच नको.

बैठकीत ग्रॅनाइटवाले थोडे नाराज झाले. वर्गणीदाराचं नाव कोरायला शिळा हवी होती, मातीवर नाव कुठे कोरणार? ती शिळा आता शेडच्या दारात हात धुण्याच्या जागी बसवायची ठरली आहे. खालाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला चकचकीत काय बी नगं. दर शुक्रवारी मी सारवीन. फकस्त ह्या पोरास्नी सांगा, इस्तवावर पानी वतायचं न्हाई." तिचं खरं आहे. विटा असोत की दगड, तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं की तडा जातो. निखारे ओढून लोखंडी घमेल्यात काढायचे आणि झाकण घालून तसेच विझू द्यायचे.

चैत्रात काम झालं. ओल्या मातीवर एकदम मोठा जाळ नको, म्हणून पहिले पंधरा दिवस ती सावलीत वाळू दिली, मग आठवडाभर रोज संध्याकाळी चार काटक्यांचा जाळ, हळूहळू वाढवत. पहिल्या दिवशी मातीतून वाफा निघाल्या, तिसऱ्या दिवशी कमी झाल्या, सातव्या दिवशी खालाने उलटा पंजा टेकवून पाहिला आणि म्हणाली, "आता चढवा." भट्टीची उंची मात्र तिने गवंड्याच्या मापापेक्षा चार बोटं खाली घेतली. झारा तिला फिरवायचा होता.